कॅरिअरवर वाळणारी चित्रं

एप्रिल महिन्यात पणजीत पाटोच्या पुलाजवळ चित्राचा पहिला वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ थर, दिला, कागद कॅरिअरला लावला आणि रायबंदरच्या दिशेनं सायकल मारायला सुरुवात केली, तर उजव्या हाताची मिठागरं लागेपर्यंत रंग वाळलेला असतो. ऑक्टोबरात त्यासाठी रायबंदरच्या फेरीधक्क्यापर्यंत जावं लागतं. जुलैत जुन्या गोव्यापर्यंत जाऊन, तिथं चहा-भजी खाऊन परत आलं, तरी कागदावर बोट टेकवलं की ठसा उठतो. हे वेळापत्रक मी कुठं लिहून ठेवलेलं नाही. पोटऱ्यांना पाठ आहे.

जलरंगात सगळा खेळ वाळण्याचा. ओल्यावर रंग टाकला की तो वाट फुटेल तिकडे पळतो. पूर्ण वाळल्यावर टाकला की कड धरून बसतो. आणि धड ओला नाही, धड सुका नाही अशा वेळी हात लावला की कोबीच्या पानासारख्या झालरीचा एक डाग पडतो, तो जन्मभर जात नाही. घरी बसून चित्र काढणारे हेअर ड्रायर वापरतात. रस्त्यावर काढणारा शहाणा माणूस दोन चित्रं एकदम सुरू करतो. मी शहाणी नाही, उतावीळ आहे. कागदासमोर बसून राहिले तर अर्धवट ओल्या आभाळातला एखादा ढग ‘जरा नीट’ करायला जाते आणि आभाळाची माती करते. म्हणून मी पळून जायला लागले. पहिला थर इथं, दुसरा तीन किलोमीटरवर, मध्ये सायकल. हातात हँडल असलं की ब्रश धरता येत नाही, एवढाच काय तो माझा शोध.

त्यामुळं माझं चित्र नेमकं कुठलं हे सांगणं अवघड होतं. आभाळ पाटोचं असतं, झाडं रायबंदरची, आणि पाणी मधल्याच कुठल्यातरी खांबापाशी थांबून बघितलेलं. एका ओळखीच्या चित्रकारांनी ते बघून, “बाई, ही लबाडी आहे,” असं सरळ सांगितलं. असेल. पण सकाळी त्या रस्त्यानं जाणाऱ्याला विचारा. त्याच्या डोक्यात तरी पाटो वेगळा आणि रायबंदर वेगळं असं कुठं राहतं?

चुका शोधणं हा माझा धंदा होता. पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या मुद्रितशोधन विभागात मी एकवीस वर्षं रात्रपाळी केली. ‘दिड’चा ‘दीड’ करायचा, निधनवार्तेतल्या माणसाचं वय आणि जन्मसाल जुळतंय का बघायचं, मथळ्यातल्या मंत्र्याचं आडनाव आत बातमीत बदललेलं नाही ना याची खात्री करायची. पुढं विभाग आकसत गेला. शेवटी विभाग म्हणजे मी आणि एक टेबल एवढंच उरलं, आणि चार वर्षांपूर्वी तेही टेबल हललं. आता घरबसल्या लोकांची पुस्तकं तपासते. तक्रार नाही. मात्र ज्या बाईनं एकवीस वर्षं रात्री दोनला घरी येऊन पडदे ओढून झोप काढली, तिला पहाट हा प्रकार पन्नाशीत पहिल्यांदा दिसला, आणि ती जरा चळलीच.

सायकल भाच्याची. त्याला स्कूटर मिळाल्यावर ती पणजीजवळच्या सांताक्रूझमधल्या माझ्या घराच्या मागच्या पडवीत गंजत पडली होती. बिनगिअरची, जड, घंटी न वाजणारी. कॅरिअरवर एक प्लायवूडची फळी ट्यूबच्या पट्टीनं आवळली, फळीवर कपड्यांचे चार चिमटे, हँडलला पिशवी. पिशवीत रंगांची पत्र्याची डबी, दोन ब्रश, पाण्याची बाटली आणि पाणी ओतायला नारळाची करवंटी. करवंटीची टीका करणारे भेटतात, पण ती फुटत नाही, हरवली तर कुणाचं नुकसान होत नाही, आणि तिच्या तळाशी बसलेला गाळ स्वच्छ दिसत नसल्यामुळं पाणी बदलायचा आळस खपून जातो. बसायला घडीचं स्टूल होतं. ते कांपालला कुणीतरी उचलून नेलं. तेव्हापासून कठड्यावर, पायरीवर, नाहीतर सायकलीच्या दांडीवर.

पणजी नदीकाठानं सपाट आहे, तिथं बिनगिअरचं भागतं. आल्तिनोच्या चढणीला मी सरळ उतरून ढकलते. वरच्या कला महाविद्यालयातली मुलं बाजूनं मोटारसायकलीवरून जाताना मान वळवून बघतात. बघू देत. ढकलणाऱ्या माणसाला भिंतीवरची शेवाळाची रेघ दिसते, त्यांना फक्त मी दिसते.

माझ्या डबीत एक रंग विकतचा नाही. त्याची गोष्ट जरा लांबणीवर जाईल.

माझं माहेर डिचोलीजवळचं, खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावरचं. लहानपणी आमच्या घरात पांढरं असं काही नव्हतंच. आईनं पंचे वाळत घातले की संध्याकाळी ते गुलाबी होऊन आत यायचे. केळीच्या पानावर तांबडा थर, तुळशीवर तांबडा थर, शाळेच्या वहीचं मधलं पान उघडलं तरी शिवणीत बारीक तांबडी रेघ. 2012 साली राज्यातल्या खाणी बंद झाल्या. त्या दिवाळीला आईच्या दोरीवर कपडे पांढरे वाळले. पण माझ्या भावाचा ट्रक होता, बँकेच्या हप्त्यावर घेतलेला, तो दारात उभा राहिला. उभ्या ट्रकच्या बॉनेटवर आई पापड वाळत घालायची. पत्रा तापतो, एका दिवसात कडक होतात म्हणायची. भाऊ ते बघून घरात निघून जायचा. दोरीवरच्या त्या पांढऱ्या कपड्यांचा आनंद आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलून दाखवला नाही.

तीन वर्षांपूर्वी तो ट्रक भंगारात द्यायच्या आधी त्याच्या मागच्या फाळक्याच्या सांदीत साठलेली माती मी खुरपून आणली. दोन ओंजळी भरली. थोडी अंगणातलीही घेतली. एकत्र ठेवल्यावर कळलं की लहानपणी जिला आपण नुसती ‘तांबडी’ म्हणत होतो ती एक नव्हती. अंगणातली नारिंगीकडे झुकणारी, ट्रकमधली जांभळट, जवळजवळ वांग्याच्या सालीकडे जाणारी.

मातीचा रंग करायला चूल लागत नाही, धीर लागतो. बादलीत पाणी घेऊन माती ढवळायची. मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे. तेवढ्यात वाळू, खडे, जड ते तळाला जातं. वरचं गढूळ पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं आणि तळातलं टाकून द्यायचं. असं तीनदा, चारदा. शेवटी जे पाणी उरतं ते रात्रभर निवळू द्यायचं, सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाकायचं, खालचा लोण्यासारखा गाळ ताटात पसरून उन्हात ठेवायचा. वाळला की त्याला शेतातल्यासारख्या भेगा पडतात. मग खलबत्त्यात कुटून, कापडानं चाळून, काचेच्या तुकड्यावर बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटायचा. डिंकामुळं रंग कागदाला धरतो, दोन थेंब मध घातला की वाळल्यावर तडकत नाही, लवंगेच्या तेलाचा एक थेंब बुरशी दूर ठेवतो. मी बामच्या रिकाम्या डबीत भरला. पहिल्या दिवशी तो रंग कमी आणि आमटी जास्त वाटत होता. आठ दिवसांनी घट्ट झाला.

ओला ब्रश त्यावर फिरवून कागदावर टेकवला की तो विकतच्या रंगासारखा गुळगुळीत बसत नाही. जड कण कागदाच्या खळग्यांत जाऊन थांबतात, उंचवट्यांवर फिका रंग राहतो, आणि नुसत्या एका फटकाऱ्यात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत उभी राहते. यात जादू काही नाही. चिऱ्याचा तांबडेपणा लोखंडाच्या ऑक्साइडचा. माझ्या मातीचा तांबडेपणा त्याचाच. परदेशी ट्यूबवर भारी नाव छापलेले ते तपकिरी-तांबडे रंगही बहुतेक लोखंडाचेच. हे कळल्यावर ट्यूबच्या किमतीचा मला थोडा रागच आला.

जुन्या गोव्याला बॉम जेझूसची बासिलिका काढायची तर हाच रंग. बाकीची चर्चं चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यात उभी आणि ही एकटी उघड्या चिऱ्याची. तिचा गिलावा 1950च्या दशकात काढून टाकला गेला. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून कडक होतो, पण गोव्याच्या पावसापुढे कडकपणा किती दिवस? दरवर्षी थोडा धुपतो. पर्यटकांना ती उघडी भिंतच प्राचीन वाटते, फोटोत छान येते. मलाही चित्रात तीच छान वाटते, हे कबूल करते आणि जरा ओशाळते. एखाद्याच्या अंगावरची कातडी सोलली तर आतला रंग सुंदर दिसतो म्हणण्यासारखं आहे ते.

आता पांढऱ्याचं.

जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, ठेवतात. कागद कोरा सोडायचा. पांढऱ्याची ट्यूब बाजारात मिळते, माझ्याकडेही आहे, तिचं झाकण कधीच घट्ट बसलंय. कुठं काही करायचं नाही हे आधी ठरवावं लागतं आणि त्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. मुद्रितशोधकाला हे शिकायला फार जड जातं. हातात लाल पेन घेऊन कोऱ्या समासाकडे बघत बसणं हे आमच्या धंद्यात कामचुकारपणाचं लक्षण होतं.

इथून जवळच्या सावंतवाडीचे चित्रकार एस. एल. हळदणकर. त्यांचं हातात दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र आपल्याकडे कॅलेंडरांमुळं घरोघरी पोचलेलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यांची मुलगी गीता त्या चित्रासाठी उभी राहिली होती. ते जलरंगात आहे हे मला कुणीतरी सांगितलं तेव्हा मी चक्क वाद घातला होता. बोटांच्या आडून येणारा तो तांबूस उजेड कागदाला कोरं ठेवत ठेवत, वरून पातळ पातळ थर देत काढायचा, आणि एक थर जास्त झाला की सगळं विझलं. आता मला वाद घालावासा वाटत नाही. आता भीती वाटते.

पणजीत पांढऱ्याला आणखी एक अर्थ आहे. पोर्तुगीज अमदानीत दर पावसाळ्यानंतर घर रंगवणं सक्तीचं होतं आणि पांढरा रंग फक्त चर्चचा आणि कोपेलांचा, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरांचा, माणसांच्या घरांना तो लावायचा नाही, असं इथं रिक्षावाल्यापासून इतिहासाच्या सरांपर्यंत सगळे सांगतात. मग घरांनी गेरू, पिवडी, नीळ यांच्यावर भागवलं. चुन्यात कालवलेली पिवडी एका पावसात फिकी पडते, दुसऱ्या पावसात तिच्यावर डाग पडतात, आणि तिसऱ्या वर्षी ती भिंत हुबेहूब जलरंगाच्या वॉशसारखी दिसते. हल्लीच्या प्लास्टिक पेंटला हे जमत नाही. तो दहा वर्षं तसाच्या तसा राहतो, कंपनीच्या जाहिरातीत सांगतात तसा, आणि त्याचं चित्र काढायला हात उचलत नाही.

हे सगळं बघायला लोक फोंतेन्हासात जातात. आल्तिनोच्या पायथ्याशी, रुआ द ओरेंच्या खाडीलगत ती वस्ती. नावाचा अर्थ छोटे झरे. मीही जायचे. फेब्रुवारीतली एक सकाळ, सव्वासात. अरुंद गल्ली, एका बाजूला ऊन अजून उतरलेलं नाही. पिवडीच्या रंगाचं एक घर, कडेला तांबडा पट्टा, खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं. तसली तावदानं आता कमीच उरलीत. शिंपला पातळ कापून लाकडी चौकटीत बसवलेला, आत उजेड जातो पण रस्ता दिसत नाही. सायकल भिंतीला टेकवली, समोरच्या पायरीवर बसले. आभाळ दिलं. शेजारचं निळं घर दिलं. पलीकडचं गेरूचं दिलं. छपरांच्या खालची सावली एका दमात सलग ओढली. मधलं पिवडीचं घर मुद्दाम शेवटी ठेवलं. तो पिवळा सोपा नव्हता, त्यात सावलीतला जांभळा मिसळत होता, त्याला कागद खडखडीत कोरडा हवा होता.

खिडकी उघडली. सत्तरीच्या पुढची बाई, घरातला झगा, केस मागं बांधलेले.

“हांगा बसूं नाका.”

मी कोकणीतच सांगितलं की मी फोटो काढत नाही, चित्र काढतेय, पाच मिनिटांत आटपेन.

तिनं आवाज चढवला नाही. आदल्या दिवशी कुणी नवरा-नवरी तिच्या पायरीवर बसवून तासभर फोटो काढत होते. त्याच्या आदल्या दिवशी एकानं बेल वाजवून विचारलं होतं की आतून खिडकी जरा उघडी धराल का. गल्लीत ‘फोटो काढू नका’च्या पाट्या लागल्यात, पाट्यांचेच फोटो काढतात म्हणाली. मग माझ्या कागदाकडे एकदा बघून म्हणाली, “हें म्हजें घर, सिनेमा न्हय,” आणि खिडकी लावून घेतली.

करवंटीतलं पाणी गटारात ओतलं, कागद चिमट्यांत अडकवला आणि निघाले. दोन दिवस मला राग होता. मी काय बाहेरची आहे? मी काय दिल्लीहून विमानानं आलेय? माझी तर भाषासुद्धा तिचीच! तिसऱ्या दिवशी घरी भांडी घासताना आठवलं की डिचोलीला एकदा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आमच्या दोरीवरच्या गुलाबी पंचांचे फोटो काढायला आला होता, ‘धुळीचा प्रश्न’ म्हणून. आईनं त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर दोरीवरचे कपडे काढून आत नेऊन टाकले, ओलेच. तिचं म्हणणं एवढंच होतं की ते आपले पंचे आहेत. त्या फोंतेन्हासच्या बाईंचं बरोबर होतं. माझी भाषा आणि माझे रंग हा काही दुसऱ्याच्या पायरीवर बसायचा परवाना नव्हे.

त्यानंतर मी ती वस्ती खाडीच्या पलीकडून काढते, पाटोच्या बाजूनं. तिथून दारं-खिडक्या दिसत नाहीत, नुसत्या रंगांच्या पट्ट्या आणि त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब. ओहोटीला प्रतिबिंबही जातं. उरतो तो चिखल, राखाडी-जांभळा, चकचकीत, आणि त्यात बगळे. आणि वास. पणजीच्या खाडीचा वास चित्रात येत नाही हे जलरंगाचे आपल्यावर उपकार.

तिथून पुढं रायबंदरचा तो लांब रस्ता. 1633-34 साली पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काउंटानं दलदलीतून बांधून घेतलेला, तीन किलोमीटरांहून जरा लांब, त्याच्याच नावाचा. डाव्या हाताला मांडवी, उजव्या हाताला खारफुटी आणि मिठागरांचे चौकोन. सकाळी पूर्वेकडे जाताना ऊन सरळ डोळ्यांत येतं. कार चालवणारे या उन्हाला शिव्या देतात, पण ब्रश धरणाऱ्याला ते वरदान आहे. समोरचं सगळं काळपट सपाट होऊन जातं, झाड आणि त्यामागचं झाड आणि त्यामागचा डोंगर अशा तीन पट्ट्याच उरतात, तपशील आपोआप गळतात. खारफुटीचा हिरवा मात्र कुठल्याही ट्यूबमध्ये नाही. पिवळ्यात थोडी निळी आणि थोडी माझी माती घातली की जवळपास पोचतो. माती नसेल तर झाडं प्लास्टिकची दिसतात.

एकदा पाण्याची बाटली घरी राहिली. मी कठड्यावरून उतरून सरळ मांडवीचं पाणी करवंटीत घेतलं. भरतीचं, खारं. वॉश दिला तेव्हा काही कळलं नाही. वाळताना आभाळभर बारीक चांदण्या उठल्या, मिठाचे कण बसले होते तिथं तिथं रंग बाजूला सरकला होता. फार आवडलं मला ते. फ्रेम करून लावलं. जून उजाडला आणि एका सकाळी बघते तर चित्र घामेजलेलं. स्वयंपाकघरातलं मीठ पावसाळ्यात पाणी सोडतं, तसंच हे. तेव्हापासून दर जूनमध्ये ते भिंतीवर ओलं होतं आणि नोव्हेंबरात वाळतं. वेधशाळेचा अंदाज चुकेल, पण त्या चित्राचा नाही.

पावसाळ्याबद्दल कवितेत बरंच लिहिलं जातं. मला त्यात एकच गोष्ट घालायची आहे, बुरशी. चांगल्या जलरंगाच्या कागदाला कारखान्यात जिलेटिनची खळ दिलेली असते, त्यामुळं रंग वर तरंगत राहतो, लगेच आत शोषला जात नाही. ती खळ बुरशीला आवडते. वरून कागद पांढराशुभ्र दिसतो, डाग नाही, काही नाही. ब्रश टेकवला की टीपकागदावर शाई पडावी तसा जागोजागी रंग आत बुडतो. महागाचे, तीनशे जीएसएमचे जाड, शुद्ध कापसाचे बारा कागद माझ्याच कपाटात असे मेले. रडायचंच बाकी होतं. आता कपाटात पंधरा वॅटचा बल्ब जळत असतो आणि शेजारीण विचारते, कपाटात देव ठेवलाय का.

सुट्टी असेल, ऊन कोवळं असेल तर जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडी. पाच-सात मिनिटांचा पल्ला. सायकल आडवी टेकवून रेलिंगला उभं राहायचं. बोटीवर चित्र काढू नये. मी दोनदा काढलं, दोन्ही वेळा माझ्यापेक्षा इंजिनाच्या थरथरीनं जास्त काढलं, आणि मागं उभे असलेल्या सात जणांनी सात सूचना दिल्या. पलीकडे उतरलं की खाजनं. खारं पाणी बांधानं अडवून केलेली भातशेतं, बांधाला मानस, म्हणजे पाण्याच्या भरती-ओहोटीवर उघडझाप करणारी लाकडी दारं. शेतांत बगळे. हिरव्यातले ते पांढरे ठिपके सोडायचे म्हणजे शंभर वेळा ब्रश वळवावा लागतो. एक बगळा विसरला तर त्याला उडाला म्हणायचं.

दिवाडीच्या पलीकडे जुवें बेट, सांत इस्तेव्ह. आंजेलो द फोन्सेका हा चित्रकार तिथला, 1902चा. शांतिनिकेतनात शिकून आला आणि जलरंगांत मेरी काढली ती साडी नेसलेली, गोव्याच्या कुठल्याही अंगणात दिसावी तशी. त्या काळच्या इथल्या धर्ममंडळींना ते मानवलं नाही. पुढं तो पुण्याला गेला आणि उरलेलं आयुष्य तिथंच राहिला. पर्वरीला त्याची चित्रं बघायला मिळाली तेव्हा मी मेरीकडे कमी आणि तिच्या पदराच्या कडेकडे जास्त बघत होते. एक बारीक रेघ, नुसत्या कागदाची.

दिवाडीहून दुसरी फेरीबोट नार्व्याला जाते. तिथं सप्तकोटेश्वर. मूळ देवस्थान दिवाडीवरचं, कदंब राजांचं. पोर्तुगिजांनी ते मोडलं, देव नदीपलीकडे नार्व्याला आला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. माझ्या दृष्टीनं नार्वे म्हणजे डिचोली तालुका, म्हणजे माहेर. तिथवर सायकलनं पोचले त्या दिवशी भावाला फोन केला. “वेडी की काय तू,” म्हणाला, आणि अर्ध्या तासात स्कूटर घेऊन आला. देवळाबाहेर बसून मी पायवाटेचा चिरा रंगवत होते. बामची डबी उघडी होती. त्यानं विचारलं, हा कसला रंग. सांगितलं. त्यानं करंगळीनं थोडा उचलला, अंगठ्यावर घासून बघितला, सवयीनं, ट्रकवाला खनिज बघतो तसा.

“ग्रेड बरी आहे,” म्हणाला.

फोंतेन्हासचं ते अर्धं चित्र तसंच पडून होतं. पुन्हा तिथं बसून पुरं करायचं नव्हतं, आणि आठवणीतून तो पिवळा लावायला हात धजत नव्हता. आभाळ पुरं, दोन्ही बाजूची घरं पुरी, छपराखालची सावली पुरी, मध्ये घराच्या आकाराचा कोरा कागद. गेल्या ऑक्टोबरात कपाट साफ करताना बाकीच्या कागदांबरोबर ते पडवीतल्या दोरीला चिमट्यानं लावलं, जरा ऊन लागू दे म्हणून.

साडेसहाला पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, आला. तोही सायकलवालाच. मागं करंडी, तिच्यावर निळं प्लास्टिक, रबरी भोंगा. आमच्या वाड्यावर माझ्याआधी रस्त्यात फक्त तोच असतो, त्यामुळं आमच्यात एक सहकाऱ्यांसारखं नातं आहे, फारसं न बोलता चालणारं. त्यानं चार पोंय कागदात दिले, मी सुटे पैसे शोधत होते. तेवढ्यात त्याची नजर दोरीवर गेली.

“बाय, हें कोपेल खंयचें?”

मी म्हटलं, “फोंतेन्हासचं.”

त्यानं एक पाय पेडलवर ठेवून विचार केला. डोळे बारीक केले. त्या गल्ल्यांमध्येही तो पूर्वी पाव टाकायचा, घर न् घर ठाऊक असणार.

“थंय असलें कोपेल ना,” म्हणाला, आणि भोंगा वाजवत पुढच्या घराकडे गेला.